पाखरांची वीस मिनिटं

अंबिकाचं लक्ष तुटलं ते चौसष्टाव्या रोपावर. तेवढा आकडा तिला पक्का आठवतो, कारण त्याच्या पुढचं काहीच आठवत नाही.

लातूरच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीची छोटीशी प्रयोगशाळा आहे. तिथं ती सात वर्षं सोयाबीनची उगवण मोजायची. काम सांगायला सोपं. पोत्यांच्या थप्पीतून नमुना घ्यायचा, शंभर-शंभर दाणे ओल्या कागदावर ओळीनं मांडून गुंडाळी करायची, अशा चार गुंडाळ्या उबेच्या कपाटात ठेवायच्या आणि आठव्या दिवशी उलगडून एकेक रोप बघायचं. धड कोणतं, बिघडलेलं कोणतं, मेलेला दाणा कोणता. चिमट्यानं उचलायचं, भिंगाखाली कोंबाला चीर गेली आहे का पाहायचं आणि मनातला आकडा एकानं पुढं न्यायचा. चारशे वेळा. तिचा हात यात असा बसला होता की प्रयोगशाळेचे प्रमुख धम्मानंद सर तिच्या कागदावर न बघता सही करायचे.

मग शिवम झाला. नऊ महिन्यांनी ती कामावर परतली तेव्हा हात तोच होता, पण डोकं चाळणीसारखं झालं होतं. आमटीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. नळ चालू राहायचा. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सुटायचं आणि समोरचा माणूस वाट बघत उभा. सगळ्या बायका म्हणायच्या की लेकरू लहान आहे तोवर असंच असतं, आणि ते ऐकून तिला घटकाभर बरंही वाटायचं. मात्र चारशे रोपांना लेकरू लहान असल्याचं काय कौतुक?

त्या दिवशी शिवमला ताप होता. चौसष्टाव्या रोपाला फोन वाजला. सासूबाईंनी विचारलं, औषध किती द्यायचं. तिनं सांगितलं, फोन ठेवला आणि खाली पाहिलं, तर समोरची सगळी रोपं एकसारखी. तिनं अंदाजानं पुढं मोजलं. तेवढ्यावर भागलं असतं, पण मन घरी तापाजवळ बसलेलं; पुढच्या तीन गुंडाळ्या तिनं शेजारच्या ट्रेमधून उचलल्या. मरतुकड्या मालाच्या कागदावर चांगल्या मालाचा आकडा चढला.

सरांनी कधी नव्हे ते सहज म्हणून ती थप्पी पुन्हा तपासली, म्हणून निभावलं. नाहीतर ते बियाणं पिशव्या भरून गावोगाव गेलं असतं, शेतात निम्म्या ओळी मोकळ्या राहिल्या असत्या आणि लोकांवर दुबार पेरणी आली असती. सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं. त्यांनी तिला मोजणीच्या टेबलावरून उठवून नोंदवह्यांवर बसवलं, दहा ते पाच. आणि एवढंच सांगितलं की गुढीपाडवा झाला की ते चार गुंडाळ्या आधी स्वतः मोजून ठेवतील. मग तिनं मोजायच्या. जुळलं तर टेबल तिचं. नाही जुळलं तर हंगामाला त्यांना दुसरं माणूस बघावं लागेल.

पाडव्याला दीड महिना होता.

त्याच आठवड्यात नांदेडला भावाच्या घरी जाणं झालं, भाच्याच्या वाढदिवसाला. वाटेतल्या लोह्यापर्यंत शिवम मांडीवर झोपला, पुढं नांदेड येईस्तोवर रडला, आणि स्टँडवर उतरताना अंबिकानं लेकरू घेतलं, पर्स घेतली, भाच्यासाठी आणलेला ड्रेस मात्र एसटीतच राहिला. भावजयीनं हसून घेतलं. भाऊ शिवकुमार हसला नाही. तो तिथल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. बहिणीचा चेहरा त्याला पुस्तकापेक्षा लवकर वाचता येतो. जेवणं झाल्यावर त्यानं सगळं काढून घेतलं, चौसष्टाव्या रोपासकट.

मग त्यानं तिच्या मोबाईलवर मेंदूच्या व्यायामाचे खेळ घालून दिले. एका खेळात पाच पाखरं ओळीनं उडत यायची. मधलं कुठल्या बाजूला तोंड करून आहे तेवढंच सांगायचं, बाकीची चार हमखास फसवणार. दुसऱ्यात चित्रं एकामागून एक सरकायची. आत्ताचं चित्र दोन चित्रांपूर्वी येऊन गेलं असलं तर बोट टेकवायचं. बरोबर आलं की टुंग, चुकलं की घुर्र. रोज वीस मिनिटं सलग. मधेच उठलं की दिवस वाया, पायरी पुन्हा पहिल्यापासून.

"यानं सुधारंल का रे दादा?" तिनं विचारलं.

"जाहिरातीत सांगतेत तेवढं काय न्हाई होत, अंबे," तो म्हणाला. "खेळ खेळून माणूस खेळात हुशार होतो, एवढं पक्कं. बाकीचं कुणाला होतं, कुणाला न्हाई. पण तू रिकामी बसून स्वतःला बोल लावत राहिलीस तर काहीच होणार न्हाई."

हे त्याचं खरं बोलणं तिला औषधासारखं लागू पडलं. शेंडी लावणारे पुष्कळ भेटतात. माहीत नाही म्हणणारा भाऊ एखादाच.

पण वीस मिनिटं सलग म्हणजे काय चीज आहे, हे लातूरला परतल्यावर कळलं. गंजगोलाईत नवरा रुद्रेशचं भांड्यांचं दुकान. तो सकाळी शटर उघडायला जायचा तो जेवायलाच यायचा. घरात ती, सासूबाई आणि शिवम. पहिल्या दिवशी सातव्या मिनिटाला दूधवाला आला. दुसऱ्या दिवशी शिवमनं मधल्या पाखरावर स्वतःचं बोट ठेवलं, आणि गंमत म्हणजे ते बरोबर निघालं. तिसऱ्या दिवशी रुद्रेशनं पायमोजे कुठं आहेत ते विचारलं. चौथ्या दिवशी नवव्या मिनिटाला कुणी हाक न मारताच ती उठली, कारण हाक येईल असं तिला वाटलं. आठवडा सरला तरी पहिली पायरी सुटेना.

सासूबाई, दानम्मा, हे सगळं बघत होत्या. त्या निलंग्याच्या पलीकडच्या, कर्नाटकाला लागून असलेल्या गावच्या. बोलणं कमी, आणि त्यातही अधूनमधून कानडी शब्द. अंबिका त्यांना आत्या म्हणायची. एका सकाळी त्यांनी विचारलं की मोबाईल घेऊन ती रोज काय करायला बसते आणि रोज का उठते. अंबिकाला पाखरांचं सांगायची लाज वाटली. तिशीला आलेली बाई, सकाळच्या कामाच्या वेळी खेळ खेळते, हे सासूला कुठल्या तोंडानं सांगायचं?

"मन एका जागी बसवायचा अभ्यास हाय, आत्या. वीस मिनिटं. मधी उठून चालत न्हाई," ती म्हणाली.

दानम्मांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांनी शिवमला कडेवर घेतलं, देवघराच्या खोलीत अंबिकासाठी पाट मांडला आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

या घरात एक रीत आहे. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन माणूस पूजेला बसलं की त्याला हाक मारायची नाही. दुधासाठी नाही, दारावर कुणी आलं म्हणून नाही. नजर लिंगावर, बाकी घर गप्प. आणि लिंगायतांत या पूजेला खाडा नसतो. बाईच्या त्या चार दिवसांतसुद्धा नाही. म्हणजे महिन्याचे तीस दिवस. दानम्मांनी ही सगळी रीत सरळ उचलून सुनेच्या वीस मिनिटांना लावली. रुद्रेश पायमोजे विचारायला आला तर त्यांनी तोंडावर बोट ठेवून "सुम्ने" असं दटावलं, आणि तो लहानपणापासून त्या एका शब्दाला गप्प होत आलेला, तसा झाला. मोजे त्याला कपाटात सापडलेही. आठवडाभरानं त्यानं जुना मोबाईल शोधून त्यात खेळ घालून दिले, म्हणजे फोन यायचा प्रश्नच मिटला. अंबिकाचा खरा फोन त्या वेळात सासूबाईंच्या कमरेला.

दार ओढलेल्या खोलीत पहिले तीन दिवस तिला जमेना. हाक येत नव्हती, तरी कान बाहेर लागलेले. चौथ्या दिवशी शिवम रडला. ती पाटावरून अर्धी उठली. मग बाहेरून दानम्मांचं कानडी गुणगुणणं ऐकू आलं, आणि रडणं थांबलं. ती परत बसली. त्या दिवशी मधलं पाखरू तिला पहिल्यांदा मधलं म्हणून दिसलं. टुंग, टुंग, टुंग. वीस मिनिटं संपल्यावर पायरी दोन. ती बाहेर आली तेव्हा सासूबाई गच्चीवर नातवाला कावळे दाखवत होत्या, आणि अंबिकाला का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं. शिवम झाल्यापासून पहिल्यांदा तिनं एखादी गोष्ट सुरू करून संपवली होती.

दिवस असेच गेले. पाचवी पायरी झाली, सातवी झाली. दारावर येणाऱ्या प्रत्येकाला दानम्मा एकच सांगायच्या, सून पूजेला बसली आहे. गल्लीत अंबिकाची वट वाढली. शेजारच्या पार्वतीबाईंनी तर, आजकालच्या पोरींत असं कुठं दिसतं म्हणून तिला बोलावून हळदी-कुंकू लावलं. अंबिकाला कुठं तोंड लपवावं कळेना.

आणि एक दिवस हे फारच पुढं गेलं. उबेच्या कपाटाची चावी तिनं चुकून पर्समध्ये घरी आणली होती. सकाळी वीज गेल्याचं कळून धम्मानंद सर प्रयोगशाळेत धावले, तर कपाटाला कुलूप. त्यांनी तिला फोन लावला. तिला हे सगळं वीस मिनिटांनंतर कळलं. सरांनी अर्जंट आहे असं दोनदा सांगितलं, तेव्हा दानम्मा शांतपणे म्हणाल्या होत्या, "साहेब, ती पूजेतून उठली की लावते फोन. तुमच्या कपाटाला वीस मिनिटं धीर न्हाई व्हय?"

अंबिका रिक्षा करून, केस न विंचरता पोचली. सर पायरीवर बसून चहा पीत होते. वीज आलेली होती, काही बिघडलेलं नव्हतं. त्यांनी चावी घेतली आणि विचारलं की बरोबर वीस मिनिटांची अशी ही पूजा कोणती. खोटं बोलणं तिला सुधरलं नाही. तिनं पाखरं सांगितली, चित्रं सांगितली, टुंग आणि घुर्रसुद्धा सांगितलं. सर हसले, पण टिंगलीनं नाही. खेळाचं काय ते आपल्याला ठाऊक नाही, असं म्हणाले. मग कप खाली ठेवत म्हणाले, "पण सासूबाई मोठ्या खमक्या हायेत तुमच्या. मला घरी कुणी अशी वीस मिनिटं राखून देत न्हाई."

परत येताना तिच्या मनाला टोचणी लागली. साहेबाला खरं सांगितलं, आणि जी बाई रोज दार राखते, तिला फसवून ठेवलंय. रविवारी दुपारी शिवम झोपला होता. दानम्मा तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. अंबिका शेजारी बसली, चार शेंगा सोलल्या, आणि एका दमात सांगून टाकलं की ती पूजा नाही, पाखरांचा खेळ आहे, टेबल परत मिळावं म्हणून खेळते, आणि आत्यांना गल्लीभर खोटं बोलायला लावल्याबद्दल तिला माफ करावं.

दानम्मांनी हातातली शेंग पुरी सोलली.

"मला दुसऱ्याच दिवशी कळलंय," त्या म्हणाल्या. "लिंगाच्या पूजेत टुंग टुंग वाजतंय व्हय?"

मग तुम्ही सगळ्यांना पूजा म्हणून का सांगत होतात, असं अंबिकानं विचारलं.

यावर दानम्मा जे बोलल्या, तेवढं सलग त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या. त्यांचं सासर मोठं, चौदा माणसांचं. रुद्रेश लहान, आणि दिवसभर चहूकडून हाका. कोणती भाजी चुलीवर आहे, लेकरू कुणाकडं दिलंय, काही काही ध्यानात राहायचं नाही. एकदा तर रिकामी घागर भरलेली समजून डोक्यावर घेऊन आल्या आणि सगळ्या जावा महिनाभर हसल्या. तेव्हा एकच जागा अशी होती जिथं हाक येत नव्हती.

"पूजा मी धा मिनिटं करायची," दानम्मा म्हणाल्या. "पुढची वीस मिनिटं नुसती बसायची. हातावर लिंग, आन् डोळे उघडे. कुणाची हिंमत न्हाई हाक मारायची. देवाला समजत होतं. त्यानं कधी ऊठ म्हणलं न्हाई." त्यांनी शेंगा भरलेलं सूप अंबिकाकडं सरकवलं. "बाईला खेळ हाय म्हणून वीस मिनिटं कोण देतंय? पूजा म्हणलं की देतेत. तू खेळ तुझी पाखरं."

त्यांच्या घरात आभार मानायची पद्धत नाही. तो शब्द पाहुण्यांसाठी. अंबिकानं सूप पुढं ओढलं आणि उरलेल्या सगळ्या शेंगा सोलल्या, दाणा न दाणा वेगळा करून.

पाडवा झाला. तोवर ती चौदाव्या पायरीवर पोचली होती आणि तिथंच अडकली होती. तिच्या एकाग्रतेत शेकडा अमुक एवढी सुधारणा झाली, असं मोबाईल सांगायचा. तिचा त्यावर फारसा विश्वास नव्हता. नळ अजूनही कधीमधी चालू राहायचा. फक्त आता तो चालू राहिलाय हे तिचं तिला कळायचं, दुसऱ्या कुणी ओरडायच्या आत.

परीक्षेच्या दिवशी सरांनी चार गुंडाळ्या टेबलावर मांडल्या आणि स्वतः खिडकीशी जाऊन कसलासा अहवाल वाचत बसले. तिचा फोन पर्समध्ये, पर्स दुसऱ्या खोलीत. नोंदवह्यांवरची सिंधु दारातून डोळ्यांनीच धीर देऊन गेली.

पहिली गुंडाळी झाली. दुसरी झाली. कोंब, मुळं, चीर, धड, बिघडलेलं. जुन्या घरात अंधारातही पाय जिना ओळखतात तसा हात चालत होता. तिसरी उलगडली. एक्कावन्नाव्या रोपाशी चिमटा आला, आणि त्याच क्षणी तिला कळलं की मन इथं नाही. ते घराच्या गच्चीवर होतं, आज शिवमनं पेज खाल्ली असेल का, हे बघायला गेलेलं. कधी गेलं ते माहीत नाही. एक्कावन्न हा आकडा तोंडात होता, पण तो खरा की नुसता जिभेवर आलेला?

तेव्हा, थंडीत, ती अंदाजानं पुढं गेली होती. आता तिनं चिमटा खाली ठेवला. पाखरांच्या खेळात रोज पंचवीस-तीसदा घुर्र वाजायचं, आणि पुढचं पाखरू तुमच्या हळहळीसाठी थांबायचं नाही. चुकलं ते चुकलं, आता समोर काय आहे ते बघा. तिनं कागदावरच्या खुणा खोडल्या, रोपं पुन्हा नीट ओळीला लावली आणि तिसरी गुंडाळी पहिल्या रोपापासून घेतली. खिडकीशी पान उलटल्याचा आवाज थांबला होता. तिनं वर पाहिलं नाही.

चौथी संपली तेव्हा साडेअकरा झाले होते. सरांनी खिशातून आपला कागद काढून तिच्या कागदाशेजारी ठेवला. पहिली, दुसरी, तिसरी, तिन्ही तंतोतंत. चौथीत एका रोपाचा फरक. एवढा फरक दोन माणसांत राहतोच, तो चालतो.

"तिसरी दोनदा मोजलीत," सर म्हणाले.

"हाव सर. मधी तुटलं होतं."

त्यांनी दोन्ही कागदांवर सही केली. "सोमवारपासून आठला या. रेणापूरकडचा माल येऊन राहिलाय."

तिनं घरी फोन केला नाही. हे फोनवर सांगायचं नव्हतं. संध्याकाळी जिना चढून आली तर दार उघडंच, आणि दानम्मा खांद्यावर शिवमला घेऊन येरझारा घालत होत्या. तो नुकता झोपला होता. एक हात आजीच्या मानेमागं लोंबत होता. त्यांनी डोळ्यांनीच विचारलं. अंबिकानं मान हलवली, आणि मग राहवेना म्हणून अगदी हळू आवाजात म्हणाली, "टेबल मिळालं, आत्या."

दानम्मा थांबल्या. नातवाच्या पाठीवरचा हात दोनदा थोपटल्यासारखा हलला, कुणाला थोपटलं कोण जाणे.

"किती वाजता निघायचं?"

"आठला तिथं पाहिजे. म्हंजे साडेसातला घरातून."

त्यांनी मनात काहीतरी जुळवलं. "मंग तू सहालाच बसत जा. पोळ्या मी लाटते. रुद्रेशला सांगते, दूध तो घेईल."

"आन् तुम्ही कधी बसणार?"

या प्रश्नाची त्यांना सवय नसावी. त्या नातवाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत राहिल्या.

"साडेपाचला बसा," अंबिका म्हणाली. "सहापर्यंत. लेकरू माझ्याकडं. कुणी आलं तर मी सांगते."

"तीस मिनिटं?" दानम्मांनी विचारलं. "मला आता धाच लागतेत."

"तीसच बसा."

दानम्मांनी शिवमला हळूच सुनेच्या हातात दिलं, खांदा चोळला आणि घड्याळाला साडेपाचचा गजर कसा लावतात, ते विचारलं.